मामलेदाराची झाडं

मळमड्डी, धारवाड
१६ फेब्रुवारी २०२५

ती. गोदाक्का,

नमस्कार. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि राजूला मधे घालावं तर तुझा हा लेक माझ्या दहा वाक्यांचं एक करून तुला सांगतो. म्हणून कागद घेऊन बसलोय. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा अप्पा मला कंदिलापुढं बसवून तुला पत्र लिहायला लावायचे. त्यानंतर हे पहिलंच.

कारण ऐकून हसू नकोस. शुभांगीला बेंगळुरात नोकरी लागली हे तुला ठाऊक आहे. ती राहते त्या पीजीत जनावर ठेवू देत नाहीत, म्हणून तिनं आपलं जनावर बापाच्या गळ्यात बांधलं. कुत्रं-मांजर असतं तर मी काही बोललो नसतो. पोरीनं पाळलाय सरडा. आपल्या रानातला रंग बदलणारा घोयरा नव्हे, तो पाळायला बंदी आहे. हा त्याचाच परदेशी भाऊबंद, रीतसर नोंद करून घेतलेला. मागच्या गल्लीतली शेळीवाली लक्कव्वा त्याला बघून कानडीत 'गोसुंबे', म्हणजे घोयराच, म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. डोक्यावर फेट्यासारखा तुरा, एक डोळा माझ्याकडे, दुसरा खिडकीकडे, आणि पाय उचलला की पुढं टाकावा की नाही याचा विचार सकाळभर. मी त्याचं नाव मामलेदार ठेवलंय.

मामलेदार वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच जीभ लावतो. शुभानं त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात प्लास्टिकच्या वेली सोडल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्यानं त्यातलं एक पान चावलं आणि दोन दिवस तोंड मिटून बसला. सप्तापुरातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे, सुधींद्र म्हणून आहेत, त्यांच्याकडे नेला. ते म्हणाले, प्लास्टिक पोटात अडकलं तर मरेल. खरी झाडं लावा. पण ही जात पानंही खाते, तेव्हा विषारी नकोत. नर्सरीतली झाडं फवारलेली असतात, ती धुऊन, माती बदलून कित्येक आठवडे बाजूला ठेवावी लागतील. घरची असतील तर उत्तम.

घरची आहेत. तुलाच ठाऊक आहे किती आहेत. पण ती ज्योतीची आहेत. दसऱ्यात ती गेली तेव्हापासून मी त्यांना पाणी घालतो, बाकी हात लावत नाही. तिनं जी कुंडी जिथं ठेवली ती तिथंच आहे. वाळलेलं पानसुद्धा मी काढत नाही. शुभानं एकदा तुळशीजवळची तिच्या आईची कुंडी सरकवली तर मी तिच्यावर ओरडलो होतो.

तरी पण विचारून ठेवतो. यातलं काय चालेल? मी लावलेली एक कण्हेर आहे, रोज देवाला तिचं फूल वाहतो, ती कुंडी पिंजऱ्यात सहज मावेल. देवाला चालतं ते सरड्याला का चालू नये?

शुभाजवळ मी रोज कुरकुर करतो. ती म्हणाली, जूनमध्ये तिच्या ऑफिसातला अभिषेक नव्या घरात राहायला जाणार आहे, त्याच्याकडे असले प्राणी आहेत, तो घेऊन जाईल. मी म्हटलं, उद्या नेला तरी चालेल.

तुझा,
नागोजी


अळणावर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. नागोजीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. राजूनं वाचून दाखवतो म्हटलं, मी हातातून काढून घेतलं. कान गेले, डोळे आहेत अजून. हसू नको म्हणालास, पण मी हसले. अप्पा असते तर म्हणाले असते, बैल सांभाळायचा कंटाळा म्हणून पोरगा रेल्वेत फिटर झाला, आणि आता म्हातारपणी सरड्याला पाणी पाजतोय.

कण्हेर ठेवलीस तर खबरदार. आधी ती लांब कर. आपल्या कुंपणाची कण्हेर विसरलास? तांबडी कालवड तिचा पाला खाऊन संध्याकाळच्या आत गेली होती. तू तिच्या गळ्याला मिठी मारून बसलास आणि जेवायला आला नाहीस. देवाला काहीही चालतं, तो खात नाही म्हणून चालतं.

जास्वंद मात्र बेलाशक ठेव. पोरं फुलं खातात, गुरं पाला खातात. ज्योतीची ती दुहेरी तांबडी जास्वंद माझ्याच परसातली. शुभाच्या बारशानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली होती तेव्हा नेली. एका मांडीवर शुभा आणि दुसऱ्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन ती बसमध्ये बसली. मी म्हटलं, फांदी पिशवीत टाक गं. म्हणाली, वन्सं, पोर रडून सांगेल तरी, ही कशी सांगणार? अशी बाई होती. माझं मूळ झाड राजूनं घर वाढवलं तेव्हा गेलं. आता ती जास्वंद तुझ्याच घरी काय ती राहिली.

बाकी झाडांची नावं तू लिहिली नाहीस, तेव्हा इथं बसून मी काय सांगू? उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं व्हायचं. पण शेळीवरनं आठवलं. अप्पा नव्या रानातला चारा आधी शेळीपुढं टाकायचे. तिनं तोंड लावलं तर गुरांना, नाही तर उकिरड्यावर. तुझ्या त्या लक्कव्वाची शेळी आहेच शेजारी. प्रत्येक कुंडीतलं एक-एक पान तोडून तिच्यापुढं धर आणि बघ.

आणि उद्या नेला तरी चालेल म्हणतोस, त्याला पत्राची तीन पानं लागली होय रे?

तुझी,
अक्का


मळमड्डी, धारवाड
२० मार्च २०२५

ती. गोदाक्का,

नमस्कार. तुझं पत्र पावलं. इकडे सर्व ठीक. ऊन वाढलंय. कण्हेरीची कुंडी गेटाबाहेर नेऊन ठेवली.

तू सांगितलंस तशी शेळीची परीक्षा घेतली. जास्वंदीबद्दल आता शंका राहिली नाही. मनी प्लांटला तिनं तोंड लावलं नाही, तेव्हा तो काढून टाकावा म्हणतो. मामलेदार बरा आहे. मी फवाऱ्यानं जाळीवर पाणी मारतो, थोडंफार पितो.

एक विचारायचं होतं, सहज. जास्वंद जर समजा फार खालपर्यंत छाटली गेली, अगदी लाकडापर्यंत, तर फुटते का?

नागोजी


अळणावर
२९ मार्च २०२५

चि. नागोजीस आशीर्वाद.

किती खाल्लं?

तू लहानपणी तूप सांडलंस की आईला येऊन विचारायचास, आई, समजा तूप सांडलं तर मांजर चाटतं का? तुझं 'समजा' मला पाठ आहे. पान तोडून धर म्हटलं होतं, शेळी अंगणात सोड म्हटलं नव्हतं. पान तोडवलं नाही ना तुला? म्हणून शेळीच आणलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला वाईट वाटलं का विचारशील, तर वाटलं. चुलीपुढं बसून रडले थोडी. ती फांदी मांडीवर घेतलेली ज्योती मला सारखी दिसत होती. मग डोळे पुसले आणि विचार केला, या बाईनं त्या झाडाला दर होळीनंतर काय केलं असतं? कात्री घेऊन गुडघ्याएवढं ठेवलं असतं. तिनंच मला सांगितलं होतं, वन्सं, छाटलं नाही तर जास्वंद नुसती काठ्या वाढवते. तू हात लावला नाहीस म्हणून तिची झाडं तिनं ठेवली तशी राहिली असं तुला वाटतं. तशी राहिली नाहीत रे. ती तिच्या हाताची होती, हात गेल्यावर दुसरा हात लागतो.

मुळाला धक्का नसेल तर फुटेल. तांदळाच्या धुवणाचं पाणी घाल. शेणखत घालू नको आता.

आणि शेळीचं माझं चुकलं. राजूची बायको म्हणाली, आत्याबाई, शेळी रुईचा पालासुद्धा खाते, तिच्या पोटावर सरड्याचं पोट कसं मोजायचं? बरोबर आहे तिचं. म्हणून मनी प्लांट टाकू नको अजून. डॉक्टरांकडे प्रत्येक झाडाचं पान घेऊन जा. पान स्वतः तोड.

अक्का


मळमड्डी, धारवाड
४ मे २०२५

ती. गोदाक्का,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. हात कामात होते.

आधी शेळीचं सांगतो. लक्कव्वा तिला दोरीनं धरून घेऊन आली, मी दार उघडलं, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेलो. लक्कव्वा कुणाशी तरी गेटाशी बोलत राहिली. बाहेर आलो तेव्हा जास्वंदीच्या जागी चार काठ्या होत्या. मी पायरीवर बसलो. लक्कव्वानं आधी शेळीला शिव्या दिल्या, मग स्वतःला. "अण्णा, एन माडली आता? काय करू सांगा. बाई दर शुक्रवारी ह्याचंच फूल देत होती मला यल्लव्वा देवीला घालायला. माझ्याच शेळीनं खाल्लं की हो." तिला समजावता समजावता मला माझं रडू गिळावं लागलं. त्या दिवसापासून ती रोज येऊन काठ्या बघून जाते.

मग तुझं पत्र आलं. तुझ्या पत्राचा मला राग आला होता. एकदा वाचून ठेवलं ते दोन दिवस पुन्हा उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ज्योतीची कात्री शोधली. ती गव्हाच्या डब्यामागं ठेवायची, तिथंच होती. प्रत्येक झाडाचं एक पान तोडलं, पुडीत बांधलं आणि सप्तापूरला गेलो.

डॉक्टरांनी टेबलावर पानं मांडली. जास्वंद उत्तम म्हणाले, फुलंही खाईल. मनी प्लांटचं पान चघळलं तर तोंडाला थोडं चुरचुरेल, पण सहसा हे सरडे ते फार खात नाहीत, आणि पानावर थेंब छान धरतो, तेव्हा ठेवा. नेचा चालेल. स्पायडर प्लांट चालेल. सदाफुली नको, क्रोटन नको. अळू मी मोठ्या खात्रीनं नेलं होतं, आपण खातोच की. डॉक्टर म्हणाले, काका, मामलेदाराला चिंचगूळ घालून शिजवून देणार आहात का? कच्चं अळू म्हणजे त्याचा घसा सुजला समजा. मग विचारलं, औषध कुठलं फवारता? मी म्हटलं, घरात औषध कधी आलंच नाही. ज्योती किडे हातानं वेचायची आणि तांदळाचं धुवण घालायची. ते म्हणाले, मग यापेक्षा चांगली झाडं तुम्हाला हुबळी-धारवाडात मिळणार नाहीत. अक्का, हे तिनं ऐकायला हवं होतं. मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तसं झालं. मग लागलो कामाला. पानं ओल्या फडक्यानं पुसली, वरची माती बदलली, मातीवर मोठे गोटे ठेवले म्हणजे तो माती गिळणार नाही. मनी प्लांट जिन्याच्या गजावरून सोडवला. ज्योतीनं त्याला तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलं होतं. त्या गाठी सोडताना मला वेळ लागला. एक सुटली नाही, ती तशीच पिंजऱ्याच्या जाळीला बांधली.

पहिल्या सकाळी फवारा न घेता मी ज्योती घालायची तसं, तांब्यातून ओंजळीत घेऊन पाणी शिंपडलं. मामलेदार फांदीवर काळवंडून बसला होता. मग एक डोळा फिरला, मग दुसरा. पाय उचलला आणि या खेपेला विचार न करता टाकला. मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला आलेला थेंब त्यानं चाटला, मग पुढचा. पितापिता त्याचा रंग उजळत गेला. मी चहा ठेवला होता तो उतू गेला. आता रोज सकाळी मी तिथं बसतो आणि ज्योतीच्या झाडांचं पाणी तो पितो. कितीतरी महिन्यांनी मला सकाळ झाल्यासारखी वाटते.

जास्वंद फुटली. लक्कव्वानं आधी बघितलं. कोंब तांबूस आहेत. ती कुंडीही आता पिंजऱ्यात आहे.

आता खरं सांगतो. जूनमध्ये तो अभिषेक येणार आणि याला नेणार. मला नको आहे ते.

तुझा,
नागोजी


अळणावर
१५ मे २०२५

चि. नागोजीस आशीर्वाद.

तुझं पत्र पदराला बांधून फिरतेय. शेजारणीलाही वाचून दाखवलं, राग मानू नको.

नको आहे तर शुभाला सांग. एवढंच तर बोलायचं आहे, 'पोरी, मी ठेवतो.' सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, तुझी तेवढीही नाही, तोंडापर्यंत येऊन थांबतोस. ज्योतीच्या वेळी मागणी घालायलासुद्धा मीच गेले होते. आता मी जाणार नाही. या वेळी तू बोल.

अक्का


बेंगळुरू
१० जून २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला फोन नको, पत्र लिही. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर हसा.

शनिवारी मी आणि अभिषेक गाडी घेऊन धारवाडला गेलो, सरडा आणायला. बाबांनी कधी सांगितलंच नाही की त्यांना तो आवडतो. रोज फोनवर, तुझा मामलेदार आज हे खाईना, ते खाईना. मला वाटायचं, आईनंतर आधीच खचलेल्या माणसावर मी ओझं टाकलंय. म्हणूनच घाई केली.

दारात पोचलो तर बाबांनी सगळी तयारी करून ठेवली होती. प्रवासाच्या डब्याला भोकं पाडून, आत फांदी बांधून. त्याच्या खाण्याच्या रातकिड्यांचा डबा. आणि पायरीवर ओळीनं तीन कुंड्या, बाहेरून घासून धुतलेल्या. मनी प्लांट, नेचा आणि जास्वंद.

मी विचारलं, ह्या कशाला?

बाबा अभिषेककडे बघून म्हणाले, "ह्या गाडीत नीट बसव. तो ह्याच झाडांवरचं पाणी पितो. दुसरी झाडं लावलीस तर चार दिवस उपाशी राहील. जास्वंदीला आता कळी आली आहे, धक्का लावू नको."

आत्या, हिवाळ्यात मी आईची एक कुंडी नुसती हातभर सरकवली होती, तर बाबा माझ्यावर ओरडले आणि दोन दिवस बोलले नव्हते. ते बाबा आईची जास्वंद एका अनोळखी मुलाच्या गाडीत ठेवत होते, कशाला तर सरडा जगावा म्हणून. मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन पाणी प्यायले.

बाहेर येऊन सरळ विचारलं, बाबा, तुम्हाला ठेवायचाय का हा? म्हणाले, "मला काय त्याचं. तुझा आहे, तू ठरव." आणि डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिले.

मग मी खोटं बोलले. म्हटलं, डॉ. सुधींद्रांना मी वाटेत फोन केला होता, ते म्हणाले या जातीला पावसाळ्यात प्रवास झेपत नाही, दिवाळीपर्यंत हलवू नका. अभिषेक माझ्याकडे बघायला लागला, त्याच्या पायावर पाय दिला. बाबांनी डब्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तर इलाज नाही." आणि कुंड्या उचलून आत न्यायला लागले. जेवताना दोनदा भात मागून घेतला.

दिवाळीला दुसरं काही कारण शोधेन. तुम्हाला सांगितलं ते त्यांना कळू देऊ नका. त्यांना वाईट वाटेल.

तुमची,
शुभा


मळमड्डी, धारवाड
१७ जून २०२५

ती. गोदाक्का,

नमस्कार. आनंदाची बातमी, मामलेदार दिवाळीपर्यंत इथंच. शुभानं तुला लिहिलं असेलच, काय लिहिलं ते विचारत नाही. जास्वंद काल उमलली. पहिलं फूल लक्कव्वाला दिलं. पाकळीचा एक तुकडा मामलेदारानं खाल्ला आणि मग तासभर तोंड तांबडं करून बसला होता. पाऊस थांबला की राजूला पाठव, एक फांदी ओल्या फडक्यात बांधून देतो, तुझ्या परसात लाव.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. मे महिन्यात मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, याला बेंगळुरूपर्यंत नेलं तर सोसेल का. ते म्हणाले होते, पहाटेच्या गारव्यात निघा, झाडाची फांदी बरोबर ठेवा, काही होत नाही, पाऊस असला तरी. म्हणूनच मी कुंड्या धुऊन पायरीवर ठेवल्या होत्या. आणि त्या शनिवारी डॉक्टर धारवाडात नव्हतेच, त्यांचा फोन बंद होता. मी सकाळी लावून पाहिला होता.

तू बोल म्हणालीस, अक्का, मी बोललो नाही. पण पोरगी डॉक्टरांचं नाव सांगत होती तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, कुंडीतल्या मातीकडे बघत होती. माझ्यासाठी खोटं बोलायची वेळ आली की ज्योतीही अशीच खाली बघून बोलायची. शेवटच्या दिवसांत, आज बरं वाटतंय, असं म्हणताना तिनं एकदाही वर बघितलं नाही, आणि मी दर वेळी, बरं झालं, असंच म्हणालो.

शुभाला हे कळू देऊ नकोस. मला पटलं असं तिला वाटू दे.

तुझा,
नागोजी